शोभावहिनी आणि फिकट गुलाबी

"घे नं बाप्पा, अजून थोडंसं घे. लाजू नको."

हा आग्रह पाहुण्याला चालला नव्हता, जावयालाही नाही. तो चालला होता काचेच्या चंबूला. चंबूत आम्ल होतं. वर स्टँडला लावलेल्या ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या लांब काचेच्या नळीतून, त्यात अल्कली थेंबथेंब पडत होती. चंबूतलं पाणी फिकट गुलाबी झालं की त्याच थेंबाला तोटी बंद करायची आणि आकडा वाचायचा, एवढाच प्रयोग. त्याला टायट्रेशन म्हणतात, आणि त्यातली सगळी कला थांबण्यात आहे. माझ्या शेजारी उभी असलेली बाई मात्र थांबतच नव्हती. फिकट गुलाबी आला, तिनं त्याच्याकडे मायेनं पाहिलं, आणि तोटी सुरूच ठेवली. मग गडद गुलाबी आला. शेवटी चंबूत लग्नातल्या शालूसारखा झगझगीत राणी रंग उभा राहिला.

"पाह्य व, कसा खुलला!" ती मला म्हणाली.

आमचे राठोड सर हळू आवाजात बोलायचे, आणि रागावले की आणखी हळू. ते जवळ आले, चंबू उचलून उजेडात धरला आणि जवळजवळ कुजबुजले, "मॅडम, थांबायचं कुठं होतं?"

"मंघाशीच, सर."

"मग थांबल्या का नाहीत?"

"कळलं होतं मले. पन येवढंसं वाढून हात आखडता घ्याचा म्हंजे कसंतरीच वाटते, सर."

सगळी प्रयोगशाळा हसली. सर्वांत मोठ्यानं ती स्वतः हसली. तिचं हसणं पोटातून सुरू व्हायचं, खांद्यांपर्यंत यायचं आणि मग आवाज फुटायचा, त्यामुळे ती हसणार हे आम्हाला आधी दिसायचं आणि आम्ही आधीच हसू लागायचो. राठोड सरांनी चंबू खाली ठेवला. "रसायनशास्त्रात आग्रह नसतो," ते म्हणाले. हे वाक्य पुढची तीन वर्षं त्यांना इतक्या वेळा म्हणावं लागलं, की शेवटी ते नुसतं "आग्रह!" एवढंच म्हणायचे.

ती आमच्या वर्गात शोभून दिसत नव्हती, असं पहिल्या दिवशी सगळ्यांनाच वाटलं. आम्ही सतरा-अठराची पोरं-पोरी, आणि ही चौथीतल्या मुलीची आई, म्हणून सगळ्या वर्गाची शोभावहिनी. पाचवारी साडी, त्यावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट, आणि कोटाच्या खिशात चष्मा, रुमाल, फुटाण्यांची पुडी. केळापूरच्या पुढे तिचं गाव. बारावी सायन्स झाली आणि लग्न झालं. मग घर, शेत, मुलगी. दहा-बारा वर्षांनी एक दिवस तिनं घरात सांगितलं, मला कॉलेजात जायचं आहे. पांढरकवड्यात कॉलेज होतं, एसटी होती. नवरा स्वभावानं गरीब, तो म्हणाला, "जा ना." अडचण होती ती सासऱ्यांची. घरात शब्द त्यांचा चालायचा. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग निकाल दिला, तो वहिनी हुबेहूब त्यांच्या आवाजात ऐकवायची: "जा. पन एक डाव जरी नापास झाली ना सूनबाई, तं त्याच दिवशी पुस्तकं माळ्यावर. मंग पुन्हा कालेजचं नाव काढाचं नाही."

म्हणजे आम्ही बाकीचे परीक्षा द्यायचो, आणि वहिनी दर परीक्षेला आपलं कॉलेज पणाला लावायची. आमचा एखादा विषय राहिला तर पुढच्या सत्रात काढता यायचा. तिच्यासाठी पुढचं सत्रच नव्हतं.

ही गोष्ट ती अशी सांगायची, जणू एखाद्या तमाशाचा वग सांगते आहे. "माळ्यावर उंदरं हायत व," ती म्हणायची. "माही पुस्तकं वर गेली का उंदरं बी.एस्सी. होतीन."

मी मुकुटबनजवळच्या खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वसतिगृहात राहायचे, वर्गात मागच्या बाकावर बसायचे, आणि प्रश्न पडला तर गिळून टाकायचे. राठोड सरांनी प्रयोगासाठी जोड्या लावल्या तेव्हा माझं नाव तिच्यासोबत आलं. आडनाव ऐकल्यावर गाव, मग वस्ती, मग घर कुठल्या बाजूला असं विचारत जाणारी माणसं मला ठाऊक होती. मी उत्तरं तयार ठेवून उभी राहिले. तिनं विचारलं, "जेवली काय?" मी नाही म्हटलं. तिनं व्हरांड्यात डबा उघडला, अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली, त्यावर ठेचा ठेवला, आणि मी "बस्स" म्हणेपर्यंत दुसरी अर्धी ठेवली.

त्या दिवसापासून माझे प्रश्नही तीच विचारू लागली. मी कानात सांगायचे, ती उभी राहायची. "सर, हिले इचाराचं हाय का इलेक्ट्रॉन दिसतच नाही, तं मोजला कोनं?" सर उत्तर द्यायचे. ती ते ऐकायची, मान डोलवायची आणि खाली बसून मला विचारायची, "कळलं तुले? मले बी सांग मंग."

दुसऱ्या वर्षी मिश्रणातले क्षार ओळखायचं काम आलं आणि वहिनीला सूर सापडला. पांढरी पूड द्यायची, ती कशाकशाची आहे ते परीक्षा करून शोधायचं. आम्ही पुस्तकातला तक्ता पाठ करत होतो. वहिनीनं त्याला 'स्थळ पाहणं' असं नाव दिलं. "आधी रंगरूप पाहाचं. मंग तापवून पाहाचं, सभाव कळते. मंग कोनासोबत उठबस हाय ते पाहाचं." क्लोराइड तिला आवडायचा. "भोळं मानूस. इचारलं का सांगून टाकते." नायट्रेटला ओळखताना परीक्षानळीत तपकिरी कडं येतं, ते आलं की ती त्याला हळद-कुंकू लावायचीच बाकी ठेवायची. फॉस्फेट मात्र तिच्या मते आतल्या गाठीचा. "तासभर बसवून ठेवते आनि मंग हळूच पिवळा होते." हे सगळं ती मोठ्यानं बोलायची, आणि आजूबाजूच्या चार टेबलांवरचे निकाल त्यामुळे बरोबर यायचे.

शिशाच्या क्षाराचा तो प्रयोग आठवला की मला अजून हसू येतं. दोन रंगहीन द्रावणं एकत्र केली की पिवळा साका येतो. तो गरम पाण्यात विरघळवून निववत ठेवला की नळीभर सोन्याच्या टिकल्या तरंगू लागतात. बारावीला तिच्या मास्तरांनी हा एकदा करून दाखवला होता आणि ती वर्षानुवर्षं तोच मनात घेऊन बसली होती. आता स्वतःच्या हातानं झाला, तेव्हा ती ओरडली, "अवं आला! आला!" शेजारच्या वर्गात गणिताचा तास चालू होता. तिथले सर पळत आले, त्यांना वाटलं साप निघाला. वहिनीनं त्यांच्या नाकासमोर नळी धरली. गणिताचे सर तोंड उघडं ठेवून बघत राहिले, आणि त्यांच्यामागे अख्खा गणिताचा वर्ग.

सासऱ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते वासाच्या दिवशी. सॅलिसिलिक आम्ल आणि मिथेनॉल एकत्र करून तापवलं, मग सोड्याच्या पाण्यात ओतलं, की गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास सुटतो. कृतीत दोन-चार थेंब लिहिले होते. वहिनीनं 'सगळ्यांना पुरला पाहिजे' म्हणून दुप्पट केलं आणि त्यातलं बरंचसं पदरावर सांडलं. त्या दिवशी तिनं मला घरी जेवायला बोलावलं होतं. एसटीत आम्ही बसलो आणि दोन मिनिटांत मागच्या बाईनं विचारलं, "कोनाचे गुडघे व?" वहिनी म्हणाली, "कोनाचे नाहीत." पण विषय निघाला होता. एकीनं कंबर सांगितली, एकानं खांदा सांगितला, कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता आपली टाच सांगितली. आमचा थांबा येईपर्यंत गाडीतल्या प्रत्येकाचं काय दुखतं ते सर्वांना कळलं होतं.

घरी मामाजी, म्हणजे तिचे सासरे, ओट्यावर बसले होते. उंच, वाळलेले, खांद्यावर दुपट्टा. त्यांनी नाक वर केलं.

"मलम आनलं काय?"

"आनलं नाही मामाजी. बनवलं."

"दे मंग. गुडघा धरला हाय सकाळपासून."

"ते लावाचं नसते. नुसता वास हाय."

मामाजींनी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे तुमी दोघी दिवसभर तिथं वास बनवून राह्यल्या?"

"हो जी."

त्यांनी दुपट्ट्यानं नाक पुसलं. मला वाटलं आता पुस्तकं जातात माळ्यावर. मग त्यांनी विचारलं, "दुसरा कोनता येते?"

"केळाचा येते म्हनते. पन त्याची बाटली नाही आमच्याकडं."

"हं," ते म्हणाले. जेवताना त्यांनी पुन्हा विचारलं, "आनि सीताफळाचा?"

जेवताना मी आणखी एक पाहिलं, आणि वहिनीचा हात तोटीवर का थांबत नाही ते मला तिथं कळलं. त्या घरात वाढण्याची रीतच तशी होती. मामाजी "बस्स" म्हणाले की वहिनी आणखी एक पळी वरण घालायची. ते हात आडवा धरायचे, ती बोटांच्या फटीतून घालायची. "बस्स, बस्स, बस्स" असं तिहेरी आलं, म्हणजे खरं पोट भरलं. त्या घरात पहिल्या 'बस्स'ला थांबणं म्हणजे अपमान. ती बिचारी लग्न झाल्यापासून रोज दोन वेळा हेच करत होती, आणि आम्ही तिच्याकडून चंबूच्या पहिल्या 'बस्स'ला थांबण्याची अपेक्षा करत होतो.

पाच सत्रं तिला चिठ्ठीनं वाचवलं. प्रात्यक्षिक परीक्षेत टेबलावर चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात, जी उचलाल तो प्रयोग. तिला कधी क्षार आला, कधी सेंद्रिय पदार्थ. टायट्रेशन कधीच आलं नाही. शेवटच्या सत्राला राठोड सरांनी सांगून टाकलं, की या वेळी टायट्रेशन सगळ्यांनाच आहे, चिठ्ठी नाही. वहिनी त्या दिवशी हसली नाही. व्हरांड्यात येऊन तिनं डबा उघडला आणि न वाढता तसाच धरून बसली.

"माळा," ती म्हणाली. बस, एवढंच.

मी म्हटलं, "वहिनी, सराव करू."

"इथं किती करू देतीन व? नळीतला सोडा काय फुकट येते? हात घरी बिघडते, तं घरीच सुधरवा लागते."

आणि तिनं ते केलं. त्या संध्याकाळी मामाजींच्या ताटात वरण वाढलं. ते म्हणाले, "बस्स." आणि पळी हवेतच थांबली. मामाजी वाट पाहत राहिले. वहिनी पळी घेऊन उभी. शेवटी ते म्हणाले, "काहून? काही चुकलं काय माह्यं?"

तिनं त्यांना सगळं समजावून सांगितलं: चंबू, थेंब, फिकट गुलाबी, आणि या वेळी नापास होण्याची भीती. "मामाजी, तुमी चंबू. बस्स म्हनलं का मी थांबनार. म्हनून खरं पोट भरल्याबिगर बस्स म्हनाचं नाही."

खरी अडचण इथंच सुरू झाली. साठ-सत्तर वर्षं ज्या माणसानं पहिला 'बस्स' नुसता रीत म्हणून म्हटला, त्याच्या तोंडून तो आपोआपच निघायचा. निघाला की पळी थांबायची. आठवडाभर मामाजी अर्धपोटी उठले. रोज सकाळी वहिनी कॉलेजात येऊन त्याचा अहवाल द्यायची. "काल भातावर बस्स म्हनून गेले. मंग भाताकडं पाहात बसले. मी म्हनलं, मामाजी, एन्ड पॉइंट झाला." तिची मुलगी आजोबांना ताटावर बसण्याआधी बजावायची, "आबा, तोंड बंद ठेवा." दुसऱ्या आठवड्यात ते शिकले. घास खायचे, विचार करायचे, आणि अगदी बरोबर जागी म्हणायचे, "बस्स." वहिनीचा हातही जागच्या जागी थांबायचा. नंतर त्यांनी नियम आणखी कडक केला. तोंडानं बोलायचंच नाही, फक्त भुवई थोडी उचलायची, तेवढ्यावर तिनं थांबायचं. "चंबू काय बोलते काय?" ते म्हणाले. नापास झाली तर पुस्तकं माळ्यावर टाकणारा तोच माणूस, तिनं नापास होऊ नये म्हणून भुवया उचलत बसला होता, आणि यात काही विचित्र आहे असं त्या घरात कोणालाच वाटत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मामाजी तिच्यासोबत आले. आवारातल्या कडुलिंबाखाली दुपट्टा पसरून बसले. आत बाहेरगावचे परीक्षक होते, जाड काचांचा चष्मा, हातात पेन, प्रत्येक टेबलाशी थोडं थांबून पुढे जाणारे. माझं टेबल तिच्या शेजारी होतं. मला माझं टायट्रेशन आठवत नाही, तिचंच आठवतं.

पहिली खेप अंदाज घ्यायची असते. तीत गडद रंग आला तरी चालतो, आणि तिनं तो मनसोक्त आणला. शेवटची आग्रहाची हौस फेडून घेतली असावी. मग चंबू धुतला, नवीन आम्ल घेतलं, आणि दुसरी खेप सुरू केली. डाव्या हातानं तोटी, उजव्या हातानं चंबू गोल गोल. ती ओठ दाबून होती. नक्की त्याच वेळी परीक्षक तिच्या मागे येऊन उभे राहिले. राठोड सर दारात. थेंब पडायचा, गुलाबी ठिपका उमटायचा, हलवला की नाहीसा व्हायचा. पडायचा, नाहीसा व्हायचा. मग एक थेंब पडला आणि रंग गेला नाही. म्हणजे रंग आहे असं म्हणायला आधी श्वास रोखावा लागेल, इतकाच होता तो. वहिनीनं तोटी बंद केली.

परीक्षक वाकले. "रंग कुठं आहे? टाका अजून एक थेंब."

माझ्या हातातली नळी बेसिनमध्ये पडली. राठोड सरांचं तोंड उघडलं, पण परीक्षा चालू असताना त्यांना बोलायची मुभा नव्हती. आपल्यापेक्षा मोठ्या माणसानं, तेही पाहुण्यानं, अजून टाका म्हटलं आहे. हिच्या घरात या शब्दाला 'नाही' म्हणणारा अजून जन्माला यायचा होता. तिचा हात तोटीकडे गेला. मी ते पाहिलं. मग हात परत आला.

"नाही सर," ती म्हणाली. "झालं त्याचं."

"मला तर पांढरं पाणी दिसतं आहे."

"खाली कागद ठेवा जी."

परीक्षकांनी आपल्या हातातला कोरा कागद चंबूखाली सरकवला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. बराच वेळ पाहिलं. ते तिची परीक्षा घेत होते की त्यांना खरंच दिसत नव्हतं, यावर आमच्या वर्गात आजही दोन पक्ष आहेत. "वाचा रीडिंग," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. दारातून राठोड सर इतक्या हळू बोलले की मला फक्त ओठ दिसले. ते "शाबास" असावं.

बाहेर आल्यावर मामाजींनी काही विचारायच्या आधीच वहिनीनं लिंबाखाली सगळा प्रयोग पुन्हा करून दाखवला. परीक्षक तीच, चंबू तीच, थेंबही तीच. परीक्षकांच्या 'टाका अजून एक'पर्यंत आली तेव्हा मामाजी तावातावानं उठून उभे राहिले. "असं म्हनला? भरल्या ताटावर? मानूस हाय का कोन हाय!" आणि तिनं नाही म्हटलं हे ऐकून ते एवढे हसले, की दुपट्ट्यानं डोळे पुसत पुन्हा खाली बसले. महिन्याभरानं निकाल लागला. वहिनी पास झाली, टायट्रेशनसकट. मीही झाले, आणि माझ्या बापानं आमच्या गल्लीत साखर वाटली. पण वहिनीच्या गावात जास्त गाजला तो मामाजींचा निकाल, कारण सून पास झाल्याचं ते 'आम्ही पास झालो' असं सांगत हिंडत होते.

पुढे मी एम.एस्सी. केलं, नागपूरला औषधाच्या कंपनीत लागले. वहिनीनं बी.एड. केलं. फोनवर बोलणं व्हायचं, भेट होत नव्हती. गेल्या दिवाळीत घरी जाताना पांढरकवड्याच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरले, आणि तो पोटातून निघणारा हसण्याचा आवाज आला. बाकावर वहिनी, शेजारी मामाजी. मामाजी आता पुरते वाकले होते.

"अवं, कुठं होती तू!" तिनं मला धरून बसवलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं सांगितलं, "नापास झाली व मी!"

शिक्षक पात्रता परीक्षेत थोडक्या गुणांनी राहिली होती. आयुष्यात पहिल्यांदाच नापास. मी मामाजींकडे पाहिलं.

"तोंड कायले पाडतेस?" ते मलाच रागावले. "पेपरच वाकडा होता औंदा. पुन्हा देते सूनबाई. फारम भरून आलो आमी आताच."

"मामाजी माह्या मांगं लागले व," वहिनी म्हणाली. "पोरगी म्हनते, आई, आबा माह्यावर नाही, तुह्यावरच रागावतेत अभ्यास नाही केला का."

"तं करत जा ना मंग!"

माझी गाडी लागली. खिडकीशी बसून मी वळून पाहिलं. मामाजींनी पिशवीतून प्रश्नसंचाचं जाड पुस्तक काढलं होतं, ते हात लांब करून धरलं होतं, आणि उत्तर अंगठ्यानं झाकून मोठ्यानं विचारत होते, "आपल्या राज्याचा पक्षी कोनता?" बाकामागचा चहावाला म्हणाला, मोर. एक आजी म्हणाली, चिमणी. दोन पोट्टे पोपटावर पैज लावायला तयार झाले. मामाजींनी सगळ्यांना हातानं गप्प केलं. "तुमी नाही. सूनबाईले इचारलं." वहिनीचे खांदे हलू लागले होते. गाडी सुटली, हॉर्न वाजला, आणि ती काय म्हणाली ते मला ऐकूच आलं नाही. एवढंच दिसलं, की मामाजींनी पुस्तक मांडीवर आपटलं आणि स्वतःच पास झाल्यासारखे दोन्ही हात वर केले.